चुन्याच्या रोड्यापासून परलाइटपर्यंत: निवडुंगाच्या कुंडीतल्या मातीचा मागोवा

रोपवाटिकेतून आणलेला मुठीएवढा निवडुंग प्लॅस्टिकच्या कुंडीतून बाहेर काढून नीट पाहिला, तर माती म्हणावे असे त्यात फारसे काही सापडत नाही. हाती येतो एक तपकिरी, तंतुमय गोळा. वरून कोरडा खडखडीत. बोटाने फोडला की आत, ऐन बुंध्याखाली, ओल धरून बसलेला. बरीचशी मुळे कुंडीच्या कडेकडेने गोल फिरलेली असतात, आणि जी गाभ्यात गेलेली असतात त्यांतली काही काळी पडून हातात सुटून येतात. हा गोळा म्हणजे कोकोपीट, नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. दुकानात ‘कॅक्टस मिक्स’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीतही बहुतेक वेळा मुख्य माल हाच असतो. जोडीला परलाइटचे पांढरे दाणे, गांडूळखत आणि थोडीशी वाळू.

निवडुंग मूळचे जिथे उगवतात, त्या मेक्सिकोच्या चुनखडीच्या कड्यांवर किंवा ॲरिझोनाच्या गोट्यांनी भरलेल्या उतारांवर यातले जवळजवळ काहीच नसते. मग हे मिश्रण कुंडीत आले कुठून? त्याचा माग काढत गेले की सुमारे ३०० वर्षांचा इतिहास उलगडतो. तो वाचून माझे मत असे झाले आहे की, या मिश्रणातले बहुतेक घटक झाडाच्या गरजेने आलेले नाहीत. ते माणसाच्या सोयीने आले. कधी प्रयोगशाळेची सोय, कधी मालवाहतुकीची, कधी कारखान्यात उरलेल्या भुश्याची विल्हेवाट. झाडाच्या मुळांचा विचार सर्वांत जास्त केलेला दिसतो तो अगदी सुरुवातीच्या माळ्यांनी, आणि त्यांच्या हाती होता पाडलेल्या घरांचा रोडा.

अमेरिका खंडातले निवडुंग युरोपात पोचले ते कोलंबसाच्या सफरींनंतर. कोरफडीच्या आणि इतर मांसल पानांच्या आफ्रिकी जाती डच जहाजांतून केप ऑफ गुड होपहून आल्या. त्यांना जगवायचे कसे, हा तिकडच्या वनस्पती उद्यानांपुढचा मोठा पेच होता. थंडीवर काचघर आणि शेकोटी हा उपाय होता. हिवाळ्यातल्या ओलीवर नव्हता. लंडनमध्ये औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये चेल्सी फिजिक गार्डन ही बाग सुरू केली. १७२२ ते १७७० अशी जवळजवळ अर्धशतकभर तिची सूत्रे फिलिप मिलर या माळ्याकडे होती. १७३१ मध्ये त्याने ‘गार्डनर्स डिक्शनरी’ हा मोठा कोश काढला आणि पुढची कित्येक दशके इंग्रजी बागकामात त्याचाच शब्द प्रमाण मानला गेला.

या कोशात आफ्रिकी कोरफडींसाठी मातीची जी कृती दिली आहे ती आजही जपून वाचावी अशी आहे. निम्मी माती गवताळ माळावरची, हलकी. तिच्यातले गवत मुळांसकट कुजू दिलेले असले तर उत्तम. उरलेल्या निम्म्यात अर्धी पांढरी समुद्रवाळू आणि अर्धा चाळलेला चुन्याचा रोडा. हे सगळे वापरण्याच्या सहा-आठ महिने आधी एकत्र करून ढीग लावायचा आणि अधूनमधून उलथत राहायचे. आदल्या दिवशी पिशवी आणून दुसऱ्या दिवशी कुंडी भरायची असली घाई नाही.

चुन्याचा रोडा म्हणजे जुन्या भिंती पाडल्यावर दगडविटांच्या सांध्यांतून सुटणारा चुना. आपल्याकडे पुण्या-साताऱ्यातले जुने वाडे घाण्यात मळलेल्या चुन्यात बांधलेले होते. असा वाडा पाडताना खाली पडणारा पांढुरका चुरा हातात घेतला की मिलरने तो का निवडला ते कळते. खडे कोनेदार आणि खरखरीत असतात. त्यात वाळूचे कण आणि विटेचे तुकडे अडकलेले असतात, अंगभर बारीक छिद्रे असतात. पाणी टाकले की तो थोडे पितो आणि बाकीचे खाली सोडून देतो. दोन खड्यांमध्ये पोकळी राहते, आणि वर्ष-दोन वर्षे पाणी घातले तरी ती बुजत नाही. कारण हा खडा कुजत नाही आणि चिखलही होत नाही.

त्याचे आणखीही दोन गुण होते. मेक्सिकोतल्या पुष्कळ जाती चुनखडीवरच वाढणाऱ्या, त्यामुळे त्यांना चुना मानवायचा. शिवाय तबेल्यांच्या आणि ओलसर तळघरांच्या भिंतींना जो लोणा लागतो त्यात नायट्रेट असते. अशा भिंतीचा रोडा कुंडीत आला की झाडाला हळूहळू मिळत राहणारे नत्र आपोआप मिळे. मिलरच्या काळी रसायनशास्त्र या गोष्टीपर्यंत पोचलेले नव्हते. तरीही जुना, मुरलेला रोडाच चांगला, नवा नको, हे माळ्यांना अनुभवाने ठाऊक होते. ताजा चुना मुळे जाळतो. वर्षानुवर्षे हवा लागून त्याचा खडू झाला की तो निरुपद्रवी होतो.

सगळ्याच निवडुंगांना चुना मानवतो असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतल्या रेब्युशिया, जिम्नोकॅलिशियम यांसारख्या जातींना किंचित आम्लधर्मी माती लागते. चुना जास्त झाला की त्यांची वाढ खुंटते आणि रंग पिवळा पडतो. पुढे रोडा मागे पडला त्याचे हे एक कारण. दुसरे कारण बांधकामातले. जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात चुन्याची जागा सिमेंटने घेतली. सिमेंटचा रोडा हा चुन्याच्या रोड्याचा पर्याय होऊ शकत नाही. तो कमालीचा अल्कधर्मी असतो आणि घट्ट, बिनछिद्राचा असतो. नव्या इमारतीच्या मलब्यातले तुकडे कुंडीत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकात निवडुंगांचा शौक जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडातल्या सरदार-उमरावांमध्ये पसरला आणि प्रत्येक बागेच्या मुख्य माळ्याची मातीची कृती ही त्याची खासगी मालमत्ता झाली. पानमाती, कोळशाचा चुरा, विटेची भुकटी, शेणखत यांची असंख्य मिश्रणे होती. शिष्याने गुरूकडून शिकायची, लिहून ठेवायची नाही. त्यातले बरेचसे ज्ञान माळ्यांबरोबरच गेले.

ही गुप्तता मोडली ती १९३० च्या दशकात, आणि तीही निवडुंगांसाठी नव्हे. जॉन इनस या लंडनच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून १९१० मध्ये मर्टन येथे फलोद्यानविद्येची संस्था सुरू झाली. आनुवंशिकीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला विल्यम बेटसन तिचा पहिला संचालक. संस्थेत प्रिम्युला सिनेन्सिस या फुलझाडावर आनुवंशिकीचे प्रयोग चालत. दशकाच्या सुरुवातीला तिथे या झाडाची रोपे मोठ्या संख्येने कोलमडली. आनुवंशिकीत प्रत्येक रोप मोजायचे असते. मातीतल्या रोगाने रोपे मेली की वर्षाचे काम पाण्यात. म्हणून विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल या दोघांनी मातीचाच छडा लावायचे ठरवले.

त्यांनी अनेक वर्षे शिस्तीने प्रयोग केले आणि दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, मिश्रणातल्या मातीला आधी वाफेने सुमारे ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, म्हणजे रोगकारक बुरशी मरते आणि माती बिघडत नाही. दुसरी गोष्ट माळ्यांच्या परंपरेला धक्का देणारी होती: दर झाडाला वेगळी माती लागतच नाही, एकाच मिश्रणात बहुतेक सगळी झाडे उत्तम वाढतात. त्यांनी ठरवलेले प्रमाण घनफळाने असे: ७ भाग पोयट्याची माती, ३ भाग पीट, २ भाग जाड वाळू. त्यात खुरा-शिंगांचा चुरा, सुपर फॉस्फेट आणि सल्फेट ऑफ पोटॅश यांचे २:२:१ असे खत आणि थोडी खडूची पूड. हेच जॉन इनस मिश्रण. संस्थेने त्याचे पेटंट घेतले नाही, त्यातून नफाही कमावला नाही. कृती सगळ्यांसाठी छापली. युद्धकाळात घरोघरी भाजी पिकवणाऱ्या इंग्लंडला त्याचा फार उपयोग झाला. ज्ञान असे खुले करणे ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

निवडुंग पाळणाऱ्यांनी हेच मिश्रण आपलेसे केले आणि त्यात तिसरा हिस्सा किंवा निम्मा खडा मिसळू लागले. तेव्हापासून आजपर्यंत इंग्रजी पुस्तकांत हा सल्ला येत राहिला. पण त्याच्याबरोबर आणखी एक पाहुणा आला, पीट. दलदलीत शेवाळ कुजून साचलेला हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तो पाणी पुष्कळ धरतो, हलका असतो, त्यात रोग नसतात. मात्र एकदा पूर्ण वाळला की पाणी झिडकारतो, आणि ओला झाला की लवकर वाळत नाही. टोमॅटोच्या रोपाला रोज पाणी घालायचे असते, त्याला हे चालते. निवडुंगाला पंधरा-पंधरा दिवस कोरडे राहायचे असते. त्याच्यासाठी पीटचे दोन्ही स्वभाव अडचणीचे आहेत.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातला. चांगल्या पोयट्याची माती मिळेनाशी झाली होती; प्रत्येक खेपेला तिचा गुण वेगळा, वर बुरशी आणि क्षार. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ केनेथ बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे १९५७ मध्ये एक पुस्तिका काढली आणि मातीच वगळली. बारीक वाळू, पीट आणि मोजून घातलेले खत, एवढेच. १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बुडली आणि रेमंड शेलड्रेक यांनी वाळूही काढून टाकली. पीट आणि त्याच्या जोडीला व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट. परलाइट म्हणजे ज्वालामुखीजन्य काच. तिच्यात थोडे पाणी अडकलेले असते. ८५०-९०० अंशांना तापवली की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि दाणा फुगून मूळच्या कित्येक पट होतो. मूळचा उपयोग बांधकामात, उष्णतारोधक म्हणून. कुंडीत तो आला कारण तो स्वस्त, निर्जंतुक आणि जवळजवळ बिनवजनाचा.

वजन हाच इथे कळीचा मुद्दा. मातीने भरलेली कुंडी ट्रकने शेकडो किलोमीटर पाठवायची तर भाडे परवडत नाही. पीट-परलाइटची कुंडी परवडते. यंत्राने भरता येते, दर खेपेला एकसारखी निघते. हॉलंडमधल्या प्रचंड काचघरांनी निवडुंगांचे पीक याच पद्धतीने घेतले. काचघरात पाणी थेंब मोजून दिले जाते, उजेड आणि तापमान यंत्राच्या ताब्यात असते, म्हणून तिथे झाड पीटमध्येही छान वाढते. विकले जाईपर्यंत त्याला धोका नसतो. धोका सुरू होतो घरी आल्यावर. काचघराबाहेर, आपल्या गच्चीत, सज्जात, ते मिश्रण त्याच्या कामाचे उरत नाही.

पीट उपसल्याने दलदली नष्ट होतात आणि हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जातो, ही जाणीव वाढल्यावर पर्यायाची शोधाशोध सुरू झाली आणि कोकोपीट पुढे आले. खरे तर ते नवे नव्हते. काथ्याच्या गिरण्यांतला हा भुसा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बागांसाठी विकला जात होता. मग तो मागे पडला. त्याचे पुनरागमन झाले ते केरळ, तमिळनाडू आणि श्रीलंकेतल्या काथ्या उद्योगाकडे साचलेल्या ढिगांमुळे. आपल्यासाठी तो स्वदेशी आणि स्वस्त आहे, आणि रोपे तयार करायला त्याला तोड नाही. पण सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ राहते. नीट धुतलेले नसले की निवडुंगाची कोवळी मुळे करपतात. धुतलेले असले तरी पाणी धरण्याचा त्याचा स्वभाव काही बदलत नाही.

आता कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापरे घालण्याच्या रिवाजाकडे यावे लागेल, कारण मिश्रणाच्या इतिहासातली सर्वांत चिवट गैरसमजूत तिथे आहे. मिलरच्या आधीपासून आजच्या व्हिडिओंपर्यंत सगळे सांगतात: तळाला खडे घाला म्हणजे पाणी निघून जाईल. एडगर बकिंगहॅम या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मातीतल्या पाण्याच्या हालचालीवर जो निबंध लिहिला त्यातच या समजुतीचा निकाल लागला होता. माती पाणी धरून ठेवते ते तिच्या बारीक फटींच्या ओढीमुळे. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी आपोआप सुमारे ३ सेंटिमीटर चढते. दशांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणजे बारीक माती पाण्याला जोरात धरते आणि खाली जाड खडे आले की त्यांची ओढ तिच्यापुढे टिकत नाही. पाणी खड्यांत उतरतच नाही; वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडते. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉल्टर गार्डनर या मृदाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेटीत हे चित्रित करून दाखवले: ओलीची कड बारीक मातीतून खाली येते आणि जाड वाळूच्या थराशी येऊन थबकते.

घरी पाहायचे तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. गळायचे तेवढे पाणी गळून थांबले की तो उभा करावा. आणखी पाणी पडते. तळाशी धरून ठेवलेल्या पाण्याची उंची स्पंज किती मोठा यावर ठरत नाही, त्याच्या छिद्रांवर ठरते. कुंडीचेही तसेच. पाच सेंटिमीटर उंचीच्या कुंडीत कोकोपीट भरले तर जवळजवळ सगळी कुंडी त्या ओल्या थरात येते. तळाला खडे घातले की उरलेली जागा आणखी आखूड होते आणि ओल मुळांच्या अधिक जवळ सरकते. भोकावर एक खापर ठेवावे ते फक्त मिश्रण गळू नये म्हणून. निचरा करायचा असेल तर खडे तळाशी घालून भागत नाही, सगळ्या मिश्रणात मिसळावे लागतात.

बारीक वाळूचेही हेच. निवडुंग वाळवंटातला, म्हणून वाळू, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात बारीक वाळू मोठ्या फटींत जाऊन बसते आणि हवा बाहेर ढकलते. काळ्या मातीत मिसळली तर आणखी वाईट: आपली काळी माती पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची, ती वाळूला घट्ट बांधून टाकते आणि वाळल्यावर वीटच तयार होते. निवडुंगाच्या बारीक शोषक मुळ्या कोरड्या दिवसांत मरतात आणि पाऊस पडला की काही तासांत, फार तर काही दिवसांत नव्या फुटतात. त्यांना वेळेवर पाणी लागते आणि त्याहून जास्त प्राणवायू लागतो. ओल राहिली आणि हवा संपली की पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम या बुरशी काम सुरू करतात. बाहेर बुंधा मऊ पडलेला दिसतो तेव्हा आत सगळे संपलेले असते.

ज्या देशांत हौशी लोकांनी हे ओळखले त्यांनी आपल्या पायाखालच्या ज्वालामुखीकडे पाहिले. जर्मनीत आयफेल भागातला लाखर झे हा ज्वालामुखी सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी फुटला; त्याचा प्युमिस, म्हणजे फेसासारखा सच्छिद्र दगड, तिथले निवडुंगवाले वापरतात. कित्येकांच्या कुंडीत आता सेंद्रिय असे काहीच नसते, नुसता खनिज खडा आणि पाण्यातून दिलेले पातळ खत. जपानमध्ये अकागी पर्वताच्या प्राचीन उद्रेकातला कानुमा दगड आणि अकादामा ही भाजल्यासारखी टणक माती. कॅलिफोर्नियात तिथला प्युमिस. म्हणजे मिलरच्या रोड्याचे काम, पाणी पिणारा आणि हवा राखणारा कोनेदार खडा, दगडाने पुन्हा हाती घेतले.

मग आपण? महाराष्ट्राचा मोठा भाग जगातल्या सर्वांत मोठ्या ज्वालामुखी प्रदेशांपैकी एकावर उभा आहे. दख्खनचा पठारी बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. पण आपला लाव्हा पातळ होता, शांतपणे वाहत गेला. वायू भरलेला दाट लाव्हा स्फोटाने उडतो तेव्हा प्युमिस तयार होतो, तसे इथे फारसे घडले नाही. आपल्याला फेस मिळाला नाही, खडक मिळाला. त्या खडकावर आपल्याच मातीतली मांसल झाडे कशी राहतात ते मात्र पाहण्यासारखे आहे. जुन्नरच्या शिवनेरीच्या आणि पुरंदरच्या कड्यांवर शिंदळ माकुडी वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पावसाळ्यात पाने, तारकेसारखी तांबूस फुले. उन्हाळ्यात पाने गळून नुसत्या मांसल फांद्या. तिला लागते ती कातळाची फट, फटीत मूठभर मुरूम आणि कुजलेला पाचोळा. सह्याद्रीत तीन-चार महिने धो धो पाऊस झेलूनही ती कुजत नाही, कारण तिच्या मुळाशी पाणी थांबत नाही.

फड्या निवडुंगाचीही तीच गोष्ट. या निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या, लाल रंग देणाऱ्या कोचिनील किड्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने धडपड केली, १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे आले, ते भलत्याच जातीचे निघाले. पण निवडुंगाने मुरमाड बांध आणि माळ काबीज केले. तो इतका माजला की १९२६ मध्ये त्याला खाणारा दुसरा किडा श्रीलंकेतून आणावा लागला. आज जत, सांगोल्याकडे शेतकरी ड्रॅगन फ्रूट लावतात तेही निवडुंगच. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने उथळ, मुरमाड जमिनीत हे पीक घेण्यावर काम केले आहे. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले तर त्याचे खोड सडते. मुरमावर, गादीवाफ्यावर ते तग धरते. हजारो रुपयांची गुंतवणूक करणाऱ्या शेतकऱ्याला जे कळते ते कुंडीवाल्याने समजून घ्यायला हरकत नाही.

माझ्या मते आपल्यासाठी प्युमिसच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू वीटभट्टीवर पडलेली असते. नीट भाजलेली साधी मातीची वीट स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी पिऊ शकते आणि तिच्या चुऱ्याच्या दोन खड्यांमध्ये हवा राहते. अर्धवट भाजलेली वीट नको, ती विरघळून चिखल होते. जास्त भाजलेली काळपट खंगर वीट काचेसारखी होते, पाणी पीत नाही. ती निचऱ्याला चालते, ओल धरायला नाही. दोन विटांचा एकमेकींवर आघात केला की खणखणीत वाजावे आणि रंग एकसारखा लाल असावा. हातोड्याने फोडून दोन चाळण्यांतून काढायचे: मोठ्या चाळणीखाली पडलेले घ्यायचे, बारीक चाळणीखाली गेलेली भुकटी टाकून द्यायची. तीन ते सहा मिलिमीटरचा खडा ठेवायचा आणि गढूळपणा जाईपर्यंत धुवायचा. हे धुणे कंटाळवाणे आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. भुकटी राहिली की सगळी मेहनत फुकट. क्रशरवर मिळणारी बेसाल्टची कच हा दुसरा घटक. ती पाणी पीत नाही, पण वजन देते, उंच झाड पडू देत नाही आणि फटी उघड्या ठेवते. तीही धुऊनच घ्यावी, कारण क्रशरची धूळ बारीक वाळूइतकीच त्रासदायक.

प्रमाण ठरवताना पुस्तक पाहण्यापेक्षा आपला पाऊस पाहावा. इंग्रजी कृतीत कुंडी कोरडी ठेवायचा ऋतू म्हणजे हिवाळा. आपला कसोटीचा महिना जुलै. मुंबई-कोकणात उघड्यावर ठेवायचे असेल तर पाच भागांत चार भाग खडा (त्यात वीट जास्त, कच कमी) आणि एक भाग चाळलेला पोयटा व जुने, पूर्ण कुजलेले खत मिळून. पुणे-नाशिकला तीनास एक चालते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे दोनास एक ठेवावे, नाहीतर कुंडी एका दिवसात भाजून निघते. ताजे शेणखत कुठेच नको. खडा जास्त असेल तिथे अन्न कमी असते, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतरच्या वाढीच्या दिवसांत पाण्यातून पातळ खत द्यावे लागते. नुसत्या खड्यावर उपाशी ठेवलेला निवडुंग जगतो, पण वाढत नाही.

एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. आपल्या घराघरांत रात्री फुलणारे जे ‘ब्रह्मकमळ’ असते तेही निवडुंगच आहे, पण मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर, साठलेल्या पाचोळ्यात वाढणारे. डिसेंबरात फुलणारा ख्रिसमस कॅक्टसही तसाच, ब्राझीलच्या ओल्या जंगलातला. यांना वरचे खडखडीत मिश्रण देऊ नका. त्यांच्यासाठी धुतलेले कोकोपीट, पानमाती आणि विटेचा खडा समान भागांत. कोकोपीटची खरी जागा तिथे आहे.

नवा निवडुंग घरी आणला तर मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्याचा तपकिरी गोळा कोमट पाण्यात भिजवून मुळांपासून सोडवा, काळी मुळे कापून टाका आणि झाड सावलीत दोन-चार दिवस उघडे वाळू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिला आठवडाभर पाणी घालू नका. कापलेल्या मुळांवर साल धरायला तेवढा वेळ लागतो.